कल्याणीचे मालक

आमच्याकडच्या महाविद्यालयांतून इतिहास शिकवताना 'कल्याणीचे चालुक्य' हे प्रकरण चुकत नाही. सहाव्या विक्रमादित्याची कामगिरी, त्याने सुरू केलेला शक, बिल्हणाचे काव्य, विज्ञानेश्वराची मिताक्षरा असे चार मुद्दे विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत लिहून मोकळे होतात. शिकवणारेही मोकळे होतात. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. शिरूर अनंतपाळहून निघून निलंगा, कासारशिरसी करीत कर्नाटकाची हद्द ओलांडली की ते गाव लागते. सकाळी निघालेला माणूस किल्ला पाहून संध्याकाळी घरी परत येतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तोवर निलंगा तालुका आणि कल्याणी एकाच बिदर जिल्ह्यात होते, आणि आमचे शिरूर तेव्हा निलंगा तालुक्यात होते. आमच्या आजोबा-पणजोबांना कल्याणी हा परमुलूख नव्हता. तिथल्या बाजारात आजही मराठी, कानडी आणि दखनी उर्दू एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतात.

एखाद्या गावाचा इतिहास म्हणून जे छापले जाते ती बहुधा त्या गावाच्या मालकांची यादी असते. कोणी कोणाकडून गाव घेतले, कोणी तट बांधला, कोणी पाडला, कोणाच्या नावाने खुतबा वाचला गेला. आमच्याकडे सालगडी ज्याच्या शेतात राबतो त्याला 'मालक' म्हणतो. शेतात काय पिकते, किती पिकते हे सालगड्याला मालकापेक्षा जास्त ठाऊक असते, पण हिशेबाची वही मालकाच्या घरी असते. गावांच्या इतिहासाचेही असेच झाले आहे. मी माझ्या घराण्यातला पदवीपर्यंत पोहोचलेला पहिला माणूस. ही वही माझ्या हाती थोडी उशिराच आली. ती वाचताना काय दिसते ते इथे मांडतो.

मालकांची यादी आधी भराभर उरकून टाकू. अकराव्या शतकात पहिल्या सोमेश्वराने मान्यखेट म्हणजे आजचे मळखेड सोडून राजधानी कल्याणीला आणली. त्याचा मुलगा सहावा विक्रमादित्य १०७६ ते ११२६ असा पन्नास वर्षे गादीवर होता. बाराव्या शतकाच्या मध्याला कलचुरी बिज्जलाने चालुक्यांची गादी बळकावली. शतक संपता संपता कल्याणीची राजधानी म्हणून असलेली सद्दी संपली आणि मुलूख देवगिरीच्या यादवांकडे गेला. महंमद तुघलकाच्या काळातला १३२६ चा एक संस्कृत शिलालेख इथे सापडला आहे. त्यात मधुकेश्वराच्या देवळात लिंगाची पुन्हा स्थापना करायला सुलतानाच्या अधिकाऱ्याने परवानगी दिल्याची नोंद आहे. हिंदू-मुसलमान या एकाच चष्म्यातून मध्ययुग पाहणाऱ्यांनी तो लेख जरूर वाचावा. नंतर बहामनी, बरीदशाही, आदिलशाही. १६५७ साली शाहजादा औरंगजेबाने बिदर घेतल्यावर कल्याणीला वेढा घातला आणि किल्ला घेतला. अठराव्या शतकात निजाम आले आणि त्यांच्या आश्रयाने कल्याणीचे नवाब घराणे जहागीरदार झाले. ते १९४९ पर्यंत टिकले.

या यादीत एक घराणे गेले की दुसरे येते आणि मुळाशी काही बदलत नाही. म्हणून माझे लक्ष या यादीपेक्षा कल्याणीत जन्मलेल्या दोन गोष्टींकडे जाते. त्यांपैकी एक पुस्तक आहे आणि दुसरे एक लग्न.

पुस्तक म्हणजे मिताक्षरा. विक्रमादित्याच्या दरबारातल्या विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ही टीका लिहिली. ग्रंथाच्या शेवटी त्याने कल्याण नगरी, तिचा राजा आणि स्वतः आपण, या तिघांनाही पृथ्वीवर तोड नाही असे सांगून ठेवले आहे. हा फुशारकीचा भाग सोडून देऊ, दरबारी पंडितांना तेवढे करावेच लागते. खरे महत्त्व दायविभागाच्या प्रकरणाला आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क कधी निर्माण होतो, असा प्रश्न तिथे आहे. बंगालच्या जीमूतवाहनाने सांगितले की बाप मेल्यावर. विज्ञानेश्वराने सांगितले की मुलगा जन्माला येतो त्या क्षणी. जन्म हेच मालकीचे कारण. १८१० साली कोलब्रुकने या प्रकरणाचे इंग्रजी भाषांतर केले, इंग्रजांच्या न्यायालयांनी ते हाताशी धरले आणि बंगालकडचा प्रदेश वगळता जवळजवळ सगळ्या देशातल्या हिंदूंच्या वारसाहक्काचा मूळ आधार हा कल्याणीचा ग्रंथ ठरला. आपल्या शेजारच्या एका तालुक्याच्या गावी लिहिलेल्या पुस्तकाने कन्याकुमारीपर्यंतच्या वाटण्या झाल्या. मराठवाड्यातल्या कोणत्याही बांधावर भावकीचे भांडण लागले की विज्ञानेश्वर तिथे न बोलावता हजर असतो.

पण मिताक्षरा ज्या स्मृतीवर लिहिली तिच्यात फक्त वाटण्या नाहीत. तिथे कोणी कोणाशी संबंध ठेवावा याचाही हिशेब आहे. ब्राह्मण स्त्री आणि शूद्र पुरुष यांच्या अपत्याला तिने चांडाळ ठरवून सर्व धर्माबाहेर टाकले आहे. स्त्रीसंग्रहणाच्या प्रकरणात खालच्या वर्णाचा पुरुष आणि वरच्या वर्णाची स्त्री असा उलटा संबंध असेल तर पुरुषाला मृत्यू आणि स्त्रीचे कान वगैरे कापणे ही शिक्षा सांगितली आहे. वरच्या वर्णाचा पुरुष आणि खालची स्त्री असेल तर मात्र मध्यम दंड, म्हणजे पैशावर भागते. आमचे प्राध्यापक मित्र मिताक्षरेचे कौतुक करताना ही पाने उलटत नाहीत. मालमत्ता आणि लग्न ही दोन वेगळी खाती नाहीत. जन्माने हक्क द्यायचा तर जन्म कोणाच्या पोटी, कोणापासून, याच्यावर पहारा ठेवावाच लागतो. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे सार जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नात आहे असे दाखवले, ते वाचून मिताक्षरेकडे वळले की ग्रंथ वेगळाच दिसू लागतो.

विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर. त्याने मानसोल्लास हा ग्रंथ लिहिला, ११२९ च्या सुमारास. राजाने काय खावे, कसे न्हावे, हत्ती कसा पारखावा, शिकार कशी करावी, गाणे कोणते ऐकावे, सगळे त्यात आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांना हा ग्रंथ प्रिय आहे, कारण महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद त्यात आहे. ओवीचा इतका जुना उल्लेख सापडला म्हणून आपल्याला आनंद होतो, आणि तो व्हावाच. पण जरा थांबून पाहावे. राजाच्या सुखांच्या या प्रचंड यादीत ज्यांच्या मुसळाखालून दरबाराचा तांदूळ निघत होता त्या बायकांना एक छंद म्हणून जागा मिळाली. त्या कोण होत्या, कोणाच्या घरी कांडत होत्या, कांडणावळ काय मिळत होती, हे राजाला लिहावेसे वाटले नाही. चालुक्यांच्या शिलालेखांत देवळांना, जैन बसदींना, अग्रहारांना दिलेल्या गावांची दाने आहेत. गाव दान दिले की त्यातली राबणारी माणसे गावाबरोबर जात. बैल मोजावेत तशीदेखील त्यांची मोजदाद त्या लेखांत क्वचितच आढळते.

आता लग्नाकडे. बिज्जलाचे घराणे मूळ मंगळवेढ्याचे, चालुक्यांचे मांडलिक. हेच मंगळवेढे पुढे चोखोबांचे झाले आणि तिथलेच गावकूस बांधताना भिंत कोसळून १३३८ साली चोखोबा इतर मजुरांबरोबर गाडले गेले. कलचुरींची गादी आणि चोखोबांचा मृत्यू एकाच गावातला आहे, हे सोलापूरकडच्या मित्रांनी तरी विसरू नये. बसवेश्वरही परंपरेप्रमाणे बिज्जलाच्या चाकरीत आधी मंगळवेढ्यास होते, मग कल्याणीला भांडारी झाले. राजाचा खजिना त्यांच्या हाती होता आणि त्यांच्या घरी मात्र अशी माणसे जमू लागली ज्यांना राजवाड्याच्या सावलीतही उभे राहता येत नव्हते.

ती नावे मोठ्याने वाचावीत अशी आहेत. मडिवाळ माचय्या परीट. अंबिगर चौडय्या नावाडी. नुलिय चंदय्या दोर वळणारा. डोहर कक्कय्या कातडे कमावणारा. महाराष्ट्रातला ढोर समाज आजही त्यांना आपले मानतो. हरळय्या समगार, म्हणजे चांभार. आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा हे नवरा-बायको सांडलेले तांदूळ वेचून जगत. उरिलिंगपेद्दी आणि त्यांची पत्नी काळव्वे अस्पृश्य. सुळे संकव्वा वेश्या. या सगळ्यांची वचने आहेत, कानडीत, बोलीच्या जवळ जाणाऱ्या भाषेत. यांच्या सभेला अनुभवमंटप म्हणतात आणि तिच्या अध्यक्षस्थानी अल्लमप्रभू होते. कायक हा त्यांचा शब्द. प्रत्येकाने काम करावे आणि कामात उच्चनीच नाही. माणसाची पत जन्मावर न लावता त्याच्या हातावर लावायची, असा हा विचार आहे. मिताक्षरेचे पान ज्या नगरीत लिहिले गेले तिथेच शंभर वर्षांच्या आत हे बोलले गेले. त्यामुळे या दोहोंची टक्कर होणे भाग होते.

परंपरा सांगते की समगार हरळय्याचा मुलगा शीलवंत आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांचे लग्न शरणांनी लावले. दोघेही बाप शरण झाले होते, म्हणून त्यांच्या लेखी जात उरली नव्हती. दरबारात तक्रार गेली. बिज्जलाने दोन्ही बापांना हत्तीच्या पायाला बांधून फरफटत मारवले. त्यानंतर कल्याणीत दंगल उसळली, बिज्जलाचा खून झाला, शरण पांगले. बसवेश्वर कूडलसंगमाकडे गेले, चन्नबसवण्णा उळवीकडे, कक्कय्या कक्केरीकडे. साल साधारण ११६७ धरतात.

या हकीकतीवर इतिहासकारांचे आक्षेप आहेत आणि विद्यार्थ्यांपुढे ते ठेवले पाहिजेत. बिज्जलाच्या खुनाला समकालीन शिलालेखाचा आधार नाही. त्याने आपल्या मुलाकडे राज्य सोपवले असे एका लेखावरून अभ्यासकांनी काढले आहे. तेराव्या शतकातल्या पाल्कुरिकी सोमनाथाच्या तेलुगू बसवपुराणात दोन शरणांचे डोळे काढल्याची गोष्ट आहे. लग्नाची आणि हत्तीची हकीकत सविस्तर येते ती नंतरच्या कानडी पुराणांत. जैन परंपरेने बिज्जलाची बाजू घेऊन वेगळेच सांगितले. तेव्हा एक मित्र मला म्हणाले, ही दंतकथा आहे, तिच्यावर इतिहास उभा करू नका.

माझे म्हणणे असे. दगडावर कोरून घ्यायला पैसा लागतो आणि पाथरवटाला हुकूम द्यायचा अधिकार लागतो. समगाराच्या खुनाचा शिलालेख कोण कोरणार होते? बिज्जलाचे प्रधान? ज्यांच्याजवळ दगड नव्हता त्यांनी गोष्ट जपली, आणि गोष्ट तोंडोतोंडी जाताना बदलते. तपशील संशयास्पद आहेत, हे मान्य. पण या सगळ्या रूपांत एक गोष्ट कायम आहे. शिक्षा झाली ती शरणांच्या जमावातल्या खालच्या-वरच्या जोडीला, आणि ती राजाने दिली. नंतरच्या शतकांना ही कथा लग्नाभोवती रचावीशी वाटली, कारण आपल्या समाजात माणूस जिवे मारण्याजोगा गुन्हा कोणता मानला जातो हे सांगणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. आणि बिज्जलाचे हे कृत्य एका क्रूर राजाची लहर म्हणून सोडून देणे मला मान्य नाही. उलट्या लग्नाला स्मृती लग्न मानतच नव्हती. मग उरतो तो निव्वळ संबंध, आणि त्याची शिक्षा वर सांगितली आहे. राजाने पुस्तकाप्रमाणे निवाडा केला. गिरीश कार्नाडांनी १९९० साली याच घटनेवर 'तलेदंड' लिहिले, तेव्हा मंडल आणि मंदिर हे दोन्ही वाद पेटलेले होते. ही घटना त्या वेळी आठवली यात नवल नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या महाराष्ट्रात आंतरजातीय लग्नावरून किती पोरांचे मुडदे पडले ते वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. आता हत्ती लागत नाही.

एक अप्रिय गोष्टही इथेच लिहून टाकतो. शरणांचा वारसा सांगणारा समाज आमच्या लातूर जिल्ह्यात मोठा आहे. त्यांच्यात आडत्ये आहेत, पाटील आहेत, शिक्षणसंस्था चालवणारे आहेत. बसवजयंतीला मिरवणूक निघते, आमची मुलेही ढोल वाजवायला जातात. पण ज्या गावात ही मिरवणूक निघते तिथेही आमची वस्ती गावकुसाबाहेरच राहिली आणि हरळय्याच्या मुलाचे लग्न दुसऱ्यांदा लागल्याचे फारसे ऐकू आले नाही. जात मोडायला निघालेल्या चळवळीची जात झाली. हे लिंगायतांवर आरोप म्हणून लिहीत नाही. जे त्यांचे झाले ते आपलेही होऊ शकते, पोटजातींचे राजकारण आपल्याही दारात येऊन बसले आहे.

शरण पांगल्यावर कल्याणीत पुढे सहाशे वर्षे काय चालले ते वर एका परिच्छेदात आले आहे आणि त्याहून जास्त जागेची त्याला गरज नाही. नवाबांचे मात्र थोडे बोलले पाहिजे, कारण त्यांच्या राजवटीत राबलेल्या माणसांची नातवंडे आज माझ्या वर्गात बसतात. ढोबळमानाने निजामी मुलखाचा साठ टक्के भाग दिवाणी, दहा टक्के निजामाची स्वतःची सर्फेखास आणि तीस टक्के जहागिरींचा. मोठ्या जहागीरदारांची स्वतःची कचेरी असे, वसुली त्यांची असे. कल्याणीच्या गझनफर जंग या नवाबाचा विवाह निजामाच्या घराण्यात झाला आणि नवाबांचा मुक्काम हैदराबादेत देवडी बांधून पडला. गाव इथे, मालक तिथे. हैदराबादेत आजही 'कल्याणी बिर्याणी' मिळते, म्हशीच्या मांसाची, गरिबाला परवडेल अशी. तिची कथा सांगतात की कल्याणीहून कामासाठी आलेल्या रयतेला नवाबांच्या देवडीवर ती खाऊ घातली जाई. ही कथा नवाबाच्या दिलदारीची म्हणून रंगवून सांगितली जाते. मला तिच्यात दुसरेच दिसते. आपल्या गावच्या शेतसाऱ्याची, जमिनीची, मारहाणीची दाद मागायला माणसाला परमुलखातल्या देवडीच्या पायरीपर्यंत जावे लागत होते. आणि ज्यांना तिथवर जाण्याची ऐपत नव्हती त्यांना ना दाद मिळाली ना बिर्याणी.

नवाब मुसलमान होते म्हणून गावगाड्यात काही बदलले का? नाही. वसुली वर गेली, पण गावात पाटील, कुलकर्णी, देशमुख तेच राहिले आणि येसकराची काठीही त्याच हातात राहिली. रझाकारांच्या काळाचा इतिहास लिहिताना सगळा दोष एका धर्माच्या खात्यावर टाकण्याची सोय झाली, आणि गावातल्या मालकांनी आपले हात पुसून घेतले. महार-मांगांनी वेठ केली ती निजामाचा अंमलदार गावात आला तेव्हा, आणि देशमुखाच्या घरी लग्न निघाले तेव्हाही. माझे पणजोबा अंमलदाराचे सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या वेशीपर्यंत पोचवत. तिथे दुसरा महार उभा असे. घरात ही आठवण अशी सांगितली जाई की जणू पावसाळ्यात पाऊस पडतो तसे ते चालायचेच.

विज्ञानेश्वराचे तत्त्व इथे उलट्या बाजूने लागू पडते. मालकाच्या पोराला जन्मताच जमिनीत हिस्सा, महाराच्या पोराला जन्मताच गावकीत हिस्सा. आपल्या वाट्याला वारसा म्हणून काम आले: मेलेले ढोर ओढणे, सांगावा पोचवणे, चावडीची राखण. त्याबद्दल बलुते आणि हाडकी-हाडोळ्याची जमीन. ही जमीन पुढच्या पिढीला मिळे ती काम करण्याच्या अटीवर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या गुलामीची गाठ सोडवण्यासाठी. आपल्याकडे ती हाक आली २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला, कसबे तडवळे येथे भरलेल्या महार-मांग वतनदार परिषदेत. तडवळे धाराशिव जिल्ह्यात आहे. बाबासाहेब तिथे बार्शी लाइट रेल्वेने आले. परिषदेच्या नावातला 'महार-मांग' हा जोडशब्द आजच्या कार्यकर्त्यांनी नीट वाचावा.

यापुढचा भाग कायद्याचा आहे आणि तो रुक्ष असला तरी वगळता येत नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली. १५ ऑगस्ट १९४९ ला जहागिरी नष्ट करण्याचा हुकूम निघाला आणि कल्याणीच्या नवाबांची मालकी कागदावरून गेली. जहागीरदारांना भरपाई ठरवून हप्त्याहप्त्याने देण्यात आली. निजामाला सर्फेखास सोडल्याबद्दल वर्षाला पंचवीस लाख रुपये, पन्नास लाख तनखा आणि राजवाडे सांभाळायला आणखी पंचवीस लाख मिळाले. मग १९५४ साली हैदराबाद राज्याने इनामे नष्ट करण्याचा कायदा केला. त्यात गावाच्या सेवेसाठी दिलेली इनामे, म्हणजे शेतसनदी, नीरडी आणि बलुते इनामे, सुरुवातीला वगळली गेली. कारण उघड होते. ती सेवा गावाला अजून हवी होती. जहागीरदाराशिवाय गाव चालते हे सरकारच्या लक्षात आले, येसकराशिवाय चालते हे यायला आणखी काही वर्षे लागली. पुढे दुरुस्ती होऊन ती इनामेही गेली. तिकडे जुन्या मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली तेव्हा महारांना आपलीच जमीन आपल्या नावावर करून घेण्यासाठी आकाराच्या काही पट रक्कम सरकारात भरावी लागली. नवाबाला जमीन सोडण्याचे पैसे मिळाले आणि महाराला जमीन धरण्याचे पैसे भरावे लागले.

मिताक्षरेचा निकालही याच काळात लागायचा होता. कायदेमंत्री म्हणून बाबासाहेबांनी १९४८ साली हिंदू कोड बिल पुढे नेले. त्यात मिताक्षरेची जन्मसिद्ध सहदायादाची पद्धत मोडून मालमत्तेचा वारसा दायभागाच्या तत्त्वाने द्यावा आणि मुलीला हिस्सा मिळावा अशी योजना होती. आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी कल्याणीच्या दरबारात जे लिहिले गेले ते उलटवायला एक महार उभा राहिला होता. त्याच्यावर कोण तुटून पडले, संसदेत काय बोलले गेले, याची पाने आपण सर्वांनी वाचलेली आहेत. २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी राजीनामा दिला. १९५६ चा वारसा कायदा झाला तेव्हा सहदायाद पद्धत शाबूत ठेवली गेली, मिताक्षरेचे घर तसेच उभे राहिले आणि मुलीला ओसरीत जागा मिळाली. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला जन्मतःच सहदायाद केले. जन्मसिद्ध हक्क मुलीला मिळाला ही मोठीच गोष्ट, पण जन्म हेच मालकीचे कारण हे तत्त्व कायम राहिले. ज्यांच्या घरात वडिलोपार्जित काहीच नाही त्यांच्या मुलींना या कायद्याने काय मिळाले, असा प्रश्न माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने विचारला होता. तिची आई ऊसतोडीला जाते.

आज बसवकल्याणला गेलात तर किल्ला दिसतो, आत दहाव्या-अकराव्या शतकातल्या जैन मूर्ती दिसतात, नवाबी काळातल्या इमारतींचे अवशेष दिसतात. गावाच्या कडेला त्रिपुरांत तलाव आहे आणि त्या परिसरात शरणांच्या नावाच्या गुहा आहेत: अक्कनागम्मा, नुलिय चंदय्या, हरळय्या. जानेवारी २०२१ मध्ये कर्नाटक सरकारने कोट्यवधी रुपयांच्या नव्या अनुभवमंटपाची पायाभरणी केली. जुना मंटप नेमका कोणत्या इमारतीत होता यावरून तिथे वाद घातले जातात आणि त्या वादाला धर्माचा रंग देणारेही भेटतात. त्या वादात दोरवाला चंदय्या कोणी आठवत नाही.

आमच्या शिरूर अनंतपाळला किल्ला नाही, दरबारी ग्रंथकार नाही. १९९९ साली तालुका झाला, एवढीच त्याची पुस्तकी नोंद. पण तहसीलात खासरा पाहणी पत्रके आहेत, १९५४-५५ सालची, पोलीस ॲक्शननंतर अवघ्या सहा-सात वर्षांनी गट नंबरांवर कोण कसत होते ते सांगणारी. गेल्या वर्षापासून मी पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प म्हणून ती वाचायला लावतो. जुन्या उर्दू नोंदींसाठी गावातले एक निवृत्त मास्तर मदतीला येतात. प्रत्येकाने आपल्या गावच्या इनामी जमिनीचे गट शोधायचे, तेव्हाचे नाव लिहायचे आणि शेजारी आजच्या सातबाऱ्यावरचे नाव. मधे काय झाले ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचे: गहाण पडली, लग्नासाठी दिली, अंगठा घेतला, की नुसतीच नांगरली गेली. बहुतेक मुलांच्या वह्यांत दोन रकान्यांतली आडनावे जुळत नाहीत. काही वह्यांत तिसरा रकाना अजून कोरा आहे, कारण सांगणारे म्हातारे झपाट्याने जात आहेत आणि जे आहेत त्यांच्यातले काही बांधाशेजारच्या मालकाचे नाव घ्यायला अजूनही दबकतात.